डिस्चार्जनंतर : प्रस्तावना

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या आईवडिलांना डॉक्टरांच्या तोंडून दोनच शब्द ऐकायचे असतात : मूल वाचलं. ते कानावर पडले की नवस फेडले जातात, पेढे वाटले जातात. ज्या अभ्यासाची ओळख करून द्यायला हे पुस्तक लिहिलं, तो त्यानंतर सुरू होतो. नाकातली नळी निघालेली असते, पोर रिक्षातून घरी आलेलं असतं, आणि आठ-पंधरा दिवसांत आईला जाणवू लागतं की चेहरा तोच, आवाज तोच, पण हा आपला आधीचा मुलगा नव्हे. हे ती कुणापाशी बोलत नाही. वाचलेल्या पोराबद्दल असं मनात आणणंही तिला पाप वाटतं.

आधी नावाविषयी. इंग्रजीतल्या ‘अक्वायर्ड ब्रेन इंज्युरी’ला ‘उपार्जित मेंदू-इजा’ असा प्रतिशब्द सहज करता आला असता. उपार्जित म्हणजे कमावलेली. पोराच्या दुखण्यात रात्रंदिवस स्वतःची चूक शोधणाऱ्या आईच्या हातात तो शब्द देववेना, म्हणून आम्ही पुस्तकभर ‘जन्मानंतरची मेंदूची इजा’ असंच म्हटलं आहे. जिन्यावरून किंवा गच्चीवरून पडणं, दुचाकीचा अपघात, मेंदूज्वर, क्षयामुळे मेंदूच्या आवरणांना आलेली सूज, बुडताना मेंदूला न मिळालेला प्राणवायू, गाठ, आणि हो, लहान मुलांनाही होणारा पक्षाघात, हे सगळं त्यात येतं.

या मुलांच्या वाट्याला सगळ्यात जास्त येणारा दिलासा म्हणजे ‘लहान आहे, भरून येईल’. त्यामागे थोडं शास्त्रही आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत मार्गारेट केनार्ड यांनी माकडांवर प्रयोग केले. हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या भागाला इजा झाल्यावर मोठ्या माकडांपेक्षा पिल्लं अधिक सावरलेली त्यांना दिसली. पुढे लोकांनी त्याचा सरसकट नियमच करून टाकला. १९४०च्या दशकात डोनाल्ड हेब यांनी उलट बाजू मांडली : बुद्धीच्या बाबतीत कोवळ्या वयातली इजा जास्त नुकसान करू शकते, कारण जे अजून शिकायचं आहे त्याचा पायाच हलतो.

हे नीट समजून घ्यायला हवं. कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे बेत आखणारा, आवर घालणारा, एक काम मधेच थांबवून दुसरं उचलणारा भाग, विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. पाचव्या वर्षी तिथे इजा झाली तर पाचव्या वर्षी फारसं काही दिसत नाही, कारण पाच वर्षांच्या मुलाकडून कुणी बेत आखण्याची अपेक्षाच करत नाही. दिसतं ते सहावी-सातवीत. तिथे प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक असतात, वेळापत्रक सांभाळायचं असतं, प्रकल्पाची तारीख लक्षात ठेवायची असते. तोवर अपघात सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला असतो. टाके केसांखाली झाकले जातात आणि प्रगतिपुस्तकात शेरा येतो : लक्ष देत नाही. नातेवाईक म्हणतात, लाडावून ठेवलंय. मला वाटतं, या क्षेत्रातलं सर्वांत जास्त टाळता येण्याजोगं दुःख या दोन वाक्यांत आहे. म्हणून शिक्षकांसाठीची प्रकरणं आम्ही पुस्तकाच्या शेवटी न ढकलता सुरुवातीला घेतली.

पालक रुग्णालयाच्या कागदावरचा एक आकडा जपून ठेवतात. तो ज्या मोजपट्टीवरचा, ती १९७४ साली ग्लासगोमध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी तयार केली; आज तिचे गुण ३ ते १५ असे मोजतात. बेशुद्धी किती खोल आहे हे ती सांगते आणि त्या घडीला ते फार मोलाचं असतं. पण मूल तिसरीत कसं वाचेल, हे तो आकडा एकटा सांगू शकत नाही. ते बरंचसं घरावरही अवलंबून असतं. ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया इथे लुसिया ब्रागा आणि सहकाऱ्यांनी ५ ते १२ वयाच्या जखमी मुलांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाला तज्ज्ञांनी थेट उपचार दिले, तर दुसऱ्यात घरच्यांना शिकवलं आणि त्यांनी ते रोजच्या जगण्यात उतरवलं. २००५ साली आलेल्या निष्कर्षांत घरच्यांच्या गटातली सुधारणा सरस ठरली. तालुक्याला थेरपिस्ट मिळत नाही म्हणून खचलेल्या पालकांना मी हे आवर्जून सांगते. मात्र घरच्यांना शिकवणारं आणि धरून ठेवणारं कुणीतरी तिथे होतं, हेही तितकंच खरं. सगळा भार आईवर टाकून मोकळं होण्याचा परवाना या अभ्यासातून कुणी काढू नये.

सुरुवातीला सांगितलेलं आईचं न बोललेलं दुःखही पुस्तकात आहे. संशोधक पॉलिन बॉस यांनी माणूस समोर असूनही हरवल्याच्या अशा दुःखाचा जन्मभर अभ्यास केला. आपल्याकडे मृत्यूला सुतक आहे, तेरावा आहे, भेटायला येणारी माणसं आहेत. या दुःखाला दिवस नाहीत. शेजारच्या खोलीत मोठी बहीण गुपचूप अभ्यास करत असते. आपण काही मागायचं नाही, हे तिनं ठरवून टाकलेलं असतं. तिच्यासाठी एक प्रकरण आहे.

कायद्याचं प्रकरण लांबलं आहे, त्याला इलाज नव्हता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत या इजेचं वेगळं नाव नाही. अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यानं अपघाती मेंदू-इजेला १९९० सालीच स्वतंत्र वर्ग दिला. आपल्याकडे चालण्यात, बोलण्यात, बुद्धीत किंवा शिकण्यात जो परिणाम दिसतो, त्या नावाखाली प्रमाणपत्र मागावं लागतं. कुठल्या खिडकीवर काय न्यायचं, ते पायरीपायरीनं दिलं आहे.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. रात्री पोर झोपल्यावर दहा मिनिटं मिळतात, त्यात एखादं प्रकरण व्हावं, एवढीच प्रकरणांची लांबी ठेवली आहे. आजी-आजोबांचं प्रकरण मोठ्या अक्षरांत छापलं आहे.