सरकारचा कान, नागरिकाचा डोळा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या देशात एकमेकांच्या अगदी उलट दिशेने पाहणारे दोन कायदे आहेत. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याने नागरिकाला सरकारच्या फायलीत डोकावण्याचा हक्क दिला आणि त्याच्या कलम ६(२) मध्ये स्पष्ट लिहिले की, माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराला सांगावे लागणार नाही. दुसरा कायदा आपले टेलिफोन आणि इंटरनेट यांच्यावर नजर ठेवण्याचा. त्यात सरकारने कारण फाइलवर लिहायचे असते, पण ज्याच्यावर नजर ठेवली त्याला ते कधीच कळवायचे नसते. लोकांचा आजचा वैताग मला या दोन कायद्यांच्या मधल्या जागेत दिसतो. सरकारला आमचे सगळे दिसते, मग आम्हाला सरकारचे का दिसू नये, असा हा साधा प्रश्न आहे. मी इतिहासाचा माणूस, म्हणून या प्रश्नाची पाळेमुळे शोधत थोडे मागे जातो.

इंग्रजांनी १८८५ साली इंडियन टेलिग्राफ ॲक्ट केला. त्याच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तारा अडवण्याचा, त्या वाचण्याचा अधिकार सरकारला दिला. आणीबाणी आहे की नाही हे ठरवणार सरकारच. १८५७ मध्ये तारायंत्राचे महत्त्व इंग्रजांनी चांगलेच ओळखले होते, त्यामुळे तार आपल्या मुठीत ठेवण्याची त्यांची धडपड समजण्यासारखी होती. पुढे १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा कहर झाला, रँडचा खून झाला, लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. लगेच पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक करण्यात आले आणि त्याच वर्षी टपाल कायदा आला. त्याच्या २६ व्या कलमाने टपालातली पत्रे अडवण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला. परक्या सरकारला प्रजेचा भरवसा नव्हता, हे उघडच आहे. प्रश्न पुढचा आहे. आपले सरकार आल्यावर या कायद्यांचे काय झाले?

फार काही झाले नाही. घटना तयार होत असताना मात्र हा विषय निघाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हा मसुदा मांडला. त्यात नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घेतली जाऊ नये, असा हक्क होता. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचाही प्रस्ताव आला. बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी त्याला हरकत घेतली. गुन्ह्यांच्या तपासात पोलिसांचे हात बांधले जातील, अशी त्यांची भीती होती. फाळणीच्या तोंडावर ही भीती अगदीच निराधार नव्हती. पण तो हक्क मसुद्यातून गळाला आणि १८८५ चा कायदा जसाच्या तसा नव्या राज्यात चालत आला. १९७२ मध्ये पाचव्या कलमात दुरुस्ती होऊन देशाचे सार्वभौमत्व, अखंडता, परराष्ट्रांशी मैत्री अशी कारणे त्यात लिहिली गेली. आदेश देणारे हात मात्र सरकारचेच राहिले.

या हातांनी काय केले, हे पुढच्या वीस वर्षांत दिसले. १९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. पत्रे उघडण्याचे अधिकार त्यात आणखी वाढवले होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते विधेयक कायदा झालेच नाही. १९८८ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना राजीनामा द्यावा लागला. राजकारण्यांचे आणि पत्रकारांचे टेलिफोन टॅप झाल्याचे उघड झाले होते आणि त्यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारली. मार्च १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले. त्यावरून वाद पेटला आणि चंद्रशेखर यांनी पंतप्रधानपद सोडले. पाळतीमुळे एक मुख्यमंत्री गेला, एक सरकार गेले, पण पाळतीचा कायदा गेला नाही. या प्रकरणांमध्ये ज्याच्यावर पाळत होती तो पुढारीच होता आणि ज्याने ठेवली तोही सत्तेतलाच होता. सामान्य माणसावर पाळत ठेवली असती तर कोणाला कळले असते?

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला. टेलिफोनवरचे संभाषण हा माणसाच्या खासगीपणाचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले आणि काही अटी घातल्या. आदेश फक्त गृहसचिवाच्या पातळीवर निघावा, तो दोन महिन्यांसाठी असावा, सहा महिन्यांपुढे जाऊ नये आणि त्याची तपासणी एका आढावा समितीने करावी. या अटी चांगल्या होत्या. पण आढावा समितीत कोण? कॅबिनेट सचिव, विधी सचिव, दूरसंचार सचिव. म्हणजे अधिकाऱ्याचा आदेश अधिकाऱ्यांनीच तपासायचा. आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, हे न्यायालयाने सांगितले नाही, कारण कायद्यात तशी तरतूदच नव्हती.

तोपर्यंत इंटरनेट दारात उभे होते. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने ते लोकांसाठी खुले केले. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला झाला आणि महिन्याभरातच, डिसेंबरमध्ये, गोंधळ चालू असताना चर्चेविना त्या कायद्याची दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली. हल्ल्याच्या जखमा ताज्या होत्या, त्यामुळे कोणी विरोधात बोलायला तयार नव्हते. दुरुस्तीनंतरच्या कलम ६९ मध्ये एक बारीक पण मोठा फरक आहे. टेलिग्राफ कायद्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही पहिली पायरी ओलांडावी लागत असे. इंटरनेटच्या कायद्यात ती पायरीच काढून टाकली आणि ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हे कारण पुरेसे ठरवले. २० डिसेंबर २०१८ रोजी गृह मंत्रालयाने दहा यंत्रणांना या कलमाखाली संगणकातली माहिती पाहण्याचे अधिकार दिले. तारेसाठी इंग्रजांनी ठेवलेला उंबरठा ई-मेलसाठी आपण ठेवला नाही.

आता दुसरी बाजू. सरकार लोकांवर नजर ठेवण्याची साधने वाढवत होते, त्याच काळात लोक सरकारवर नजर ठेवायला शिकत होते. राजस्थानात मजूर-शेतकऱ्यांनी रोजगाराच्या हजेरीपटाची आणि खर्चाची कागदपत्रे मागितली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी आंदोलन केले आणि राज्याचा माहिती अधिकार कायदा २००२ मध्ये झाला. तो देशाच्या कायद्याच्या तीन वर्षे आधीचा आहे. रेशन दुकानाचा साठा, रस्त्याच्या डांबराचे बिल, बदल्यांचे आदेश अशा गोष्टी साध्या अर्जावर मिळू लागल्या.

मीही एका रस्त्याच्या खर्चासाठी असा अर्ज केला होता. तालुक्याच्या एका कार्यालयातल्या कारकुनाने कागद उलटसुलट करून विचारले, “मास्तर, तुम्हाला कशाला हवंय हे?” मी म्हटले, “कायदा म्हणतो, ते सांगायची गरज नाही.” त्याने अर्ज घेतला. तीस दिवसांत उत्तर यायला हवे होते. ते अपील केल्यावर आले. तरी आले, हे मी महत्त्वाचे मानतो. पण सगळ्यांना एवढ्यावर सुटका मिळत नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला.

त्याच वर्षी टूजी स्पेक्ट्रमचे प्रकरण गाजले. महालेखापालांच्या अहवालाने एक लाख ७६ हजार कोटींच्या संभाव्य तोट्याचा आकडा मांडला. दूरसंचार मंत्री ए. राजा यांनी राजीनामा दिला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. २०१० मध्येच नीरा राडिया यांच्या संभाषणाच्या ध्वनिफिती बाहेर आल्या. प्राप्तिकर खात्याने टॅप केलेले ते फोन होते. मंत्रिपदे, उद्योग आणि पत्रकारिता यांच्यातली जवळीक लोकांनी कानांनी ऐकली. काहींना वाटले, बघा, फोन टॅपिंगमुळेच हे कळले. रतन टाटा खासगीपणाच्या भंगाची तक्रार घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण त्या फिती कोणत्या रीतसर मार्गाने लोकांपुढे आल्या? कोणत्याच नाही. त्या फुटल्या म्हणून कळल्या. सरकारी कानाने ऐकलेले लोकांपर्यंत पोहोचवण्याची काही व्यवस्थाच नव्हती.

२०११ मध्ये हा सगळा राग रस्त्यावर आला. दिल्लीत जंतरमंतर आणि मग रामलीला मैदान, महाराष्ट्रात गावोगाव मेणबत्त्या आणि टोप्या. लोकपालाचा कायदा २०१३ च्या डिसेंबरमध्ये संसदेत मंजूर झाला. पहिला लोकपाल नेमायला मात्र मार्च २०१९ उजाडले. त्याच आंदोलनात व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांनी भ्रष्टाचारावर चित्रे काढली. राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी त्यांनी लांडगे दाखवले. त्यांचे संकेतस्थळ बंद झाले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत त्यांना राजद्रोह आणि ६६ अ या कलमांखाली अटक झाली. टीका इतकी झाली की राजद्रोहाचा आरोप सरकारने मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एकीने फेसबुकवर लिहिले होते, दुसरीने ते ‘लाइक’ केले होते, एवढेच. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६ अ रद्द केले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवणे थांबत नव्हते, याबद्दल २०२१ मध्ये त्याच न्यायालयाला आश्चर्य व्यक्त करावे लागले.

मग पाळत किती? हा आकडाही माहितीच्या अधिकारातूनच मिळाला. २०१३ मध्ये गृह मंत्रालयाने दिलेल्या उत्तरानुसार एकट्या केंद्र सरकारचे फोन टॅपिंगचे आदेश दर महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार होते. आपणच हिशोब करा. नऊ हजारांना तीसने भागले तर दिवसाला तीनशे. एवढ्या प्रत्येक आदेशामागे विचार झाला असेल, हे कसे मानायचे? न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात लिहिले की, आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तिच्यासमोर येतात. हे काम होण्यासारखे नाही, असे समितीचे मत होते.

मुंबई उच्च न्यायालयाचा २२ ऑक्टोबर २०१९ चा निकाल इथे आठवतो. एका उद्योजकाने बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप होता आणि त्यासाठी त्याचा फोन टॅप केला होता. न्यायालयाने टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रण नष्ट करायला सांगितले. लाचेचा तपास म्हणजे सार्वजनिक आणीबाणी नव्हे, कायद्याची अट पाळली पाहिजे, असा त्याचा गाभा होता. अनेकांना हे पटले नाही. लाचखोराला सोडायचे का, असे त्यांनी विचारले. या मुद्द्यावर सगळ्या न्यायालयांचे एकमतही नाही. मला मात्र तो निकाल योग्य वाटतो. भ्रष्टाचाराचा राग खरा आहे, पण त्या रागाच्या भरात कायद्याची अट सोडली तर तेच हत्यार उद्या शेट्टींसारख्या माणसाच्या फोनकडे वळेल, आणि वळवणारा भ्रष्टच असेल.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. १९४७ मध्ये गळालेली गोष्ट सत्तर वर्षांनी परत आली. पण २०२१ मध्ये पेगॅसस प्रकरण आले. न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच होते असे ठामपणे म्हणता आले नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितले. २०२३ मध्ये टेलिग्राफ आणि टपाल हे दोन्ही जुने कायदे बदलून नवे आले. अडवण्याचा अधिकार दोन्हींत कायम राहिला, न्यायाधीशाची परवानगी कोणत्याच कायद्यात आली नाही. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला. वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर ती द्यावी, ही त्या कलमातली वाट त्याने बंद केली. सार्वजनिक हिताचे वेगळे कलम शिल्लक आहे, पण ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे. म्हणजे खासगीपणाच्या नावाने नागरिकाचा डोळा मिटला आणि सरकारचा कान उघडाच राहिला.

हे बदलायला क्रांती नको. आदेशाआधी न्यायाधीशाची सही, दरवर्षी संसदेत आणि विधिमंडळात आदेशांची संख्या, तपास संपल्यावर त्या माणसाला लेखी कळवणे आणि माहिती अधिकारातली जुनी वाट पुन्हा मोकळी करणे, एवढ्या चार गोष्टी पुरेत. पुढच्या निवडणुकीत मत मागायला दारात येणाऱ्याला ‘तुम्ही यातली कोणती करणार?’ असे विचारायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही, आणि कारणही सांगावे लागत नाही.