कलांग नदीची हकिकत

वळवाचा पाऊस कोसळून गेला की शेतकरी आधी बांधावर जातो. पाणी कुठून शिरले, कुठे तुंबले, कुठे बांध फोडून गेले, हे त्याला चिखलातल्या खुणांवरून कळते. शहरात राहणाऱ्याची ही नजर जाते. दारापुढचे पाणी लवकर नाहीसे व्हावे, एवढेच त्याला हवे असते. ते पुढे कुणाच्या दारात जाते याची तो चौकशी करीत नाही. ही चौकशी करण्याची पाळी एका शहरावर आली. ते शहर म्हणजे सिंगापूर.

सिंगापूर विषुववृत्ताला अगदी लागून आहे. आपल्यासारखा चार महिन्यांचा पावसाळा तिथे नाही, पाऊस बारमाही. वर्षाचा आकडा दोन हजार मिलिमीटरांच्या वर जातो. कोकणच्या मानाने हा काही मोठा आकडा नव्हे. पण सर अशी येते की घटकाभरात रस्त्याचा ओढा होतो. इंग्रजांनी १८१९ साली तिथे ठाणे घातले तेव्हा बेटावर दाट रान होते. त्या शतकात गंबीर आणि मिरी यांच्या मळ्यांसाठी ते बहुतेक तुटले. पुढे १९६० नंतर उंच घरांच्या वसाहती उठल्या आणि उरलेली माती डांबराखाली व काँक्रीटखाली गेली.

शिक्षकांनी मुलांना एक गणित घालावे. एका हेक्टरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? दहा लाख लिटर! रान असेल तर त्यातले पुष्कळसे पानांवर अडते, पाचोळ्यात जिरते, मातीत मुरते, आणि उरलेले रमतगमत ओढ्याला मिळते. फरशी असेल तर जवळजवळ सगळे पाणी निघते, आणि सगळे एकदमच निघते. पाऊस तेवढाच असून पूर मोठा होतो, तो यामुळे.

सिंगापूरला असे पूर वारंवार आले. डिसेंबर १९६९ चा पूर मोठा होता. २ डिसेंबर १९७८ रोजी तर चोवीस तासांत ५१२ मिलिमीटर पाऊस झाला आणि सात माणसे दगावली. तेथल्या इंजिनियरांनी तेव्हा जे केले ते त्या काळी कोणीही केले असते. ओढे आणि नद्या सरळ केल्या, तळ व काठ काँक्रीटचे बांधले, पाणी सुसाट समुद्राकडे लावून दिले. आज त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण १९७० च्या सुमारास सुमारे ३,२०० हेक्टर जमीन पुराच्या छायेत होती, ती पुढे तीसेक हेक्टरांवर आली. हे थोडे काम नव्हे.

मग बिघडले कुठे? एक तर कालवा जितका गुळगुळीत, तितके खालच्या अंगाला पाणी लवकर चढते; आणि शहर वाढत गेले की कालवा अपुरा पडतो. रुंद करावा तर दोन्ही काठांवर इमारती. दुसरे कारण याहून मोठे आहे. सिंगापूरला स्वतःचे गोडे पाणी फार थोडे. २००८ साली मरीना खाडीच्या तोंडाशी बंधारा घालून तिथे जलाशय केला, आणि शहराच्या रस्त्यांवरून वाहणारे पाणी पिण्याच्या पाण्यात जमा होऊ लागले. कालपर्यंत जे गटार होते ते आता घागरीत येणार! तेव्हा पाणी हळू जावे आणि गाळून जावे, हे दोन्ही साधणे भाग पडले.

२००६ साली तेथल्या सरकारी पाणी मंडळाने ‘ॲक्टिव्ह, ब्यूटिफुल, क्लीन वॉटर्स’ नावाची योजना काढली. नाव जरा जाहिरातवजा आहे खरे. काम मात्र भक्कम झाले. त्यातले सर्वांत नामांकित काम कलांग नदीचे. ही नदी सुमारे दहा किलोमीटर लांबीची. बिशान येथे ती एका बागेच्या कडेने काँक्रीटच्या कालव्यातून जात होती आणि मध्ये कुंपण होते, म्हणजे बाग एकीकडे अन् पाणी एकीकडे. हा २.७ किलोमीटरांचा कालवा फोडून टाकला आणि नदी बागेतून वळणे देत नेली, लांबी ३.२ किलोमीटर झाली. कालव्याची रुंदी १७ ते २४ मीटर होती. पूर आला की आता पाणी सुमारे १०० मीटर पसरू शकते. २०१२ साली बाग लोकांना खुली झाली.

काठ कशाने धरून ठेवायचे, हा प्रश्न होता. युरोपात डहाळ्यांच्या मोळ्या, वेताच्या गुंडाळ्या, दगडांच्या फटींत खोचलेल्या फांद्या अशा रीतीने काठ बांधण्याची विद्या जुनी आहे. पण तिथली झाडे वेगळी, सरी वेगळ्या. म्हणून २००९ साली आधी एका ६० मीटरांच्या पट्ट्यात दहा रीती करून पाहिल्या, कोणती मुळे सरीपुढे टिकतात ते बघितले, आणि मगच नदीला हात घातला. आपल्याकडे बांधावर वाळा लावणाऱ्याला यातले मर्म वेगळे सांगायला नको.

बागेतली माणसे पाण्याशेजारी बसतात, मुले पाण्यात उतरतात. तेव्हा पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे, भोंगे आणि दिवे बसवावे लागले. इशारा झाला की माणसांनी वर चढायचे, मग सारा तळ नदीचा.

रस्त्यांच्या कडेला वाफेही केले. वर वाळूमिश्रित माती आणि झाडे, खाली खडी, तळाशी भोके पाडलेली नळी. मातीत गाळ व घाण अडते, मुळे माती भुसभुशीत ठेवतात, निवळलेले पाणी नळीतून जाते. डेंग्यूच्या मुलखात पाणी साचवून चालत नाही. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडाभर लागतो. म्हणून वाफा काही तासांतच रिकामा झाला पाहिजे.

एवढ्याने पूर थांबले काय? नाही. १६ जून २०१० रोजी ऑर्चर्ड रोड हा तेथला श्रीमंती बाजार पाण्याखाली गेला. त्यानंतर नियम झाला, की २०१४ पासून ०.२ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर नवे बांधकाम करणाराने पावसाचे पाणी आपल्याच आवारात काही वेळ थोपवून धरावे. शिवाय २०१८ मध्ये ३८,००० घनमीटरांची टाकी जमिनीखाली बांधावी लागली. झाड रोजची सर पेलते. मोठ्या पुराला जागाच द्यावी लागते. माझ्या मते बिशानचे खरे यश झाडांत कमी, आणि नदीला परत दिलेल्या त्या रुंदीत अधिक आहे.

म्हणूनच मुंबईचा प्रश्न अवघड आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने शहराला आपली आठवण दिली. पुढे ती खोल व रुंद केली, काठांना भिंती घातल्या. वाफ्यातली झाडे आपल्याला निराळी निवडावी लागतील, कारण चार महिने बुडून आठ महिने कोरडे राहणे सिंगापूरच्या झाडाला जमणार नाही. ती निवड होऊ शकेल. पण बिशानला नदीच्या शेजारी बाग होती. मिठीच्या शेजारी झोपड्या आहेत, कारखाने आहेत, आणि एके ठिकाणी तर ती विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते.