खामगावच्या नगरशाळा आणि आपला समाज

श्री संत नामदेव महाराजांच्या कृपेने स्मरणिकेचा हा अंक शिंपी ज्ञातिबांधवांच्या हाती देताना आम्ही यंदा जरा निराळा विषय निवडला आहे. गुणवंत विद्यार्थ्यांची यादी आपण दरवर्षी कौतुकाने वाचतो. परंतु ज्या शाळेत त्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाटीवर पहिले अक्षर गिरविले, तिचा कारभार कोणाच्या हाती होता, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १८६६ साली तेथे स्वतंत्र शिक्षणखाते सुरू झाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६७ साली, खामगावास नगरपालिका स्थापन झाली. ते दिवस कापसाच्या भरभराटीचे होते. १८७० साली जलंबहून आगगाडीचा फाटा खामगावास आला व पेठ गजबजली. पेठ आली तेथे दलाल आले, जिनिंगवाले आले, आणि त्यांच्या मागोमाग आपली सुई-कात्रीही आली. त्या काळी हे गाव अकोला जिल्ह्यात मोडत असे. खामगाव व जळगाव हे तालुके बुलढाणा जिल्ह्यास जोडले गेले ते १९०५ साली.

खेड्यांतील शाळांची व्यवस्था निराळी होती. १८८५ च्या वऱ्हाड ग्रामीण मंडळांच्या कायद्याने तालुका व जिल्हा मंडळे निर्माण झाली आणि ग्रामीण भागाचा स्थानिक कारभार त्यांच्याकडे गेला. शहराच्या हद्दीत मात्र नगरपालिका. मास्तराचा पगार, इमारतीची डागडुजी, मुलींकरिता वेगळी शाळा काढावी की नाही, हे प्रश्न नगरपालिकेच्या सभेत सुटत. सरकारी खाते अनुदान देई आणि तपासणीस अधिकारी धाडी. डिप्टीसाहेब येणार म्हटले की मास्तर आदल्या दिवशी मुलांकडून पाढे घोकून घेत, हे आम्ही आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. शेरेबुकात काय लिहिले जाईल याची धास्ती मोठी होती.

त्या सभेत आपला मनुष्य बसलेला असणे मात्र दुर्मिळ होते. काही सभासद सरकार नेमी. उरलेल्यांना निवडण्याचा अधिकार कर भरणाऱ्या व मालमत्ता असणाऱ्या मोजक्या लोकांना असे. भाड्याच्या ओट्यावर यंत्र मांडून बसणाऱ्यास मत कोठले? त्याचा परिणाम साध्या गोष्टींत दिसे. लगीनसराई व दिवाळी हे आपल्या धंद्याचे दिवस. त्या दिवसांत आठ-नऊ वर्षांचे पोर काजे करण्यास व गुंड्या लावण्यास दुकानी बसे, शाळेच्या हजेरीपटात त्याच्या नावापुढे गैरहजेरी पडे, आणि वर्षअखेर ते मागे राही. शाळेची वेळ सकाळची ठेविली असती तर यांतील कितीतरी मुले शिकली असती. पण तशी सूचना मांडावयास तेथे कोणी नव्हते. दोष केवळ सभासदांचा होता असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या वडिलांनीही मुलाच्या अक्षरापेक्षा त्याच्या हातचे काम अधिक मोलाचे मानले, हे कबूल केले पाहिजे.

सक्तीच्या शिक्षणाचा विचार देशात तोवर बराच पुढे गेला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली ते आपल्या सर्व राज्यात लागू केले. नामदार गोखल्यांचे १९११ चे विधेयक मात्र पुढील वर्षी नामंजूर झाले. अखेर १९२० च्या मध्यप्रांत प्राथमिक शिक्षण कायद्याने, आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांच्या हाती आला. अधिकार आला, पण सक्ती म्हणजे जादा खोल्या, जादा मास्तर, आणि त्यासाठी पट्टी. आणि पट्टीचे नाव काढताच सभेतील उत्साह ओसरे. इच्छा असल्यास स्थानिक संस्था काय करू शकते हे डॉ. पंजाबराव देशमुखांनी शेजारच्या अमरावतीस दाखविले. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या व शिक्षणास अग्रक्रम दिला. पुढे ते प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली.

नंतरची स्थित्यंतरे थोडक्यात सांगतो. १९४८ च्या कायद्याने तहसिलीच्या पायावर जनपद सभा आल्या. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ पासून खेड्यांतील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. नगराच्या शाळा नगराकडेच राहिल्या. म्हणून आजही हद्दीच्या अलीकडची शाळा एकाची आणि पलीकडची दुसऱ्याची, असा प्रकार आढळतो. पालकाने तक्रार न्यावी कोणाकडे, येथूनच घोटाळा सुरू होतो. स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदान आले आणि ओट्यावरचा शिंपीही मतदार झाला, ही गोष्ट मात्र लहान नव्हे.

आता आमच्या मनातील खरी गोष्ट. १ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अमलात आहे. त्या कायद्यान्वये नगरपालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. दुर्बल घटकांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात स्थान असते. शाळेच्या कामावर देखरेख, विकासाचा आराखडा, अनुदानाचा विनियोग ही तिची कामे. जी जागा आपल्या आजोबांना मिळाली नाही, ती कायद्याने आपल्या सुनांना देऊ केली आहे.

परंतु ती मिळाली तेव्हा आपण शाळा सोडून निघालो होतो. ऐपत असलेल्या आपल्या कुटुंबांनी मुले फी भरून विनाअनुदानित इंग्रजी शाळांत घातली आहेत. आमच्याही घरात तेच झाले आहे, तेव्हा इतरांस बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्या शाळांना ही समिती कायद्याने लागू नाही. तेथे पालक-शिक्षक संघ असतो व शुल्काविषयी त्याचे म्हणणे ऐकावे लागते. परंतु शाळा चालवितात ते तिचे चालक. पैसे देणारा पालक बाहेरच्या बाकावर, आणि पैसे न देणारा ठरावाच्या वहीपाशी, अशी ही उलटी मांडणी आहे.

नगरशाळेत अजून आपली जी मुले आहेत, ती बहुधा रोजंदारीवर शिवणकाम करणाऱ्या भगिनींची. सभेची वेळ दुपारची असते आणि दुपार ही त्यांच्या कामाची. एका शाळेतील अशाच एका मातेने आम्हांस सांगितले की, वही घरी येते, त्या सही करतात, आणि वही परत जाते. आम्ही विचारले, त्या वहीत काय लिहिले होते? त्या म्हणाल्या, “वाचायला वेळ कुठं होता, दादा? ऑर्डर संध्याकाळी द्यायची होती.”