कोंबडीची पिल्ले : आहार व रोगप्रतिबंध

उबवणीच्या २१ दिवसांच्या अखेरीस अंड्यातील उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि बेंबी मिटते. जन्मल्यावर दोन-तीन दिवस पिल्लू या शिदोरीवर निभावते. एक दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून लांबच्या गावी पाठवता येतात ती त्यामुळेच. पण बलक हे नुसते अन्न नव्हे. आईच्या रक्तातील प्रतिपिंडेही त्यातूनच पिल्लाला मिळतात आणि साधारण दोन-तीन आठवडे पुरतात. लसीकरणाचे वेळापत्रक ठरते ते याच हिशेबाने.

बलक आहे म्हणून पहिला दिवस उपाशी ठेवणे चुकीचे आहे. दाणा पोटात गेला की आतडे वाढू लागते आणि बलकही लवकर जिरतो. उघड्या राहिलेल्या बेंबीतून जंतू शिरले तर बलक सडतो, पोट फुगते आणि पिल्लू पहिल्याच आठवड्यात दगावते. त्यावर औषध फारसे चालत नाही. स्वच्छ अंडी आणि स्वच्छ उबवणी यंत्र हाच उपाय.

पिल्ले आली की आधी पाणी, मग खाद्य. प्रवासाने शिणलेल्या पिल्लांना गूळ किंवा ग्लुकोज घातलेले पाणी देतात. चार-दोन पिल्लांची चोच त्यात बुडवली की बाकीची पाहून शिकतात. तुसाच्या गादीवर कागद अंथरून त्यावर मक्याचा बारीक भरडा पसरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपावी. ती भरलेली व मऊ लागली तर ठीक. टणक लागली तर पाणी कमी पडले. रिकामी असेल तर त्या पिल्लाला खाद्य सापडलेलेच नाही. पुढे अंड्यांच्या जातींना सुमारे २० टक्के, तर ब्रॉयलरला २२-२३ टक्के प्रथिनांचे स्टार्टर खाद्य लागते. नुसत्या कण्यांवर देशी पिल्लू जगते, पण वाढत नाही. पावसाळ्यात ओल लागलेला मका स्वस्त मिळाला तरी घेऊ नये: बुरशीतले अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवते आणि प्रतिकारशक्तीही खच्ची करते.

पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यावी आणि दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करावी. तापमापकापेक्षा पिल्लेच खरे सांगतात. ती दिव्याखाली एकमेकांवर चढू लागली तर थंडी वाजते आहे. चोच उघडी टाकून कडेला पांगली तर उकडते आहे. सगळी एकाच कोपऱ्यात गेली तर कुठून तरी वारा येतो आहे.

मरेक्सची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचतात. मानमोडीची (राणीखेत) लासोटा किंवा एफ लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात वा नाकपुडीत थेंबाने देतात, गंबोरोची साधारण चौदाव्या दिवशी. गंबोरोची घाई केली तर आईची प्रतिपिंडेच लसीतला विषाणू निकामी करतात. फार उशीर केला तर रोग आधी गाठतो. लस पाण्यातून द्यायची असल्यास त्या दिवशी पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकू नये. साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळल्यास क्लोरीनचा उरलासुरला अंशही मरतो.

खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लाला तिच्या विष्ठेतून आतड्यातले उपकारक जंतू आपसूक मिळतात; यंत्रातल्या पिल्लाला ते मिळत नाहीत. निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जंतू पिल्लांना पाजल्यास साल्मोनेला जंतू टिकाव धरत नाहीत, हे १९७३ मध्ये फिनलंडमध्ये नुर्मी व रांटाला यांनी दाखवले.

तिसऱ्या आठवड्यानंतर धोका रक्ती हगवणीचा. तिच्या परोपजीवीची अंडी ओल्या उबदार गादीत दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतालचे भिजलेले तूस रोज काढावे लागते. विष्ठेत रक्त दिसताच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अँप्रोलियम पाण्यातून देतात. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची सवय मात्र घातक. त्यांपैकी कोलिस्टिनच्या पशुपक्ष्यांसाठीच्या वापरावर भारतात २०१९ पासून बंदी आहे.