तिजोरीतून सर्व्हरवर : व्यापारी गुपितांचे तंटे

१९७७ साली कोका-कोला कंपनीने भारतातील आपला गाशा गुंडाळला. विदेशी भागभांडवल कमी करावे आणि तंत्रज्ञान भारतीय भागीदारांच्या हाती द्यावे, असा केंद्र सरकारचा आग्रह होता. पेयाच्या अर्काचे सूत्र उघड करण्यापेक्षा कंपनीने संपूर्ण बाजारपेठ सोडणे पत्करले आणि ती १९९३ मध्येच परतली. इतरांना ठाऊक नाही एवढ्याच कारणाने जे ज्ञान मोलाचे ठरते, त्याचे हे ठळक उदाहरण होय. त्या काळी असे सूत्र तिजोरीत ठेवता येई. आज ग्राहकांच्या याद्या, आराखडे, दरपत्रके आणि संगणकीय आज्ञावली सर्व्हरवर असतात आणि शेकडो कर्मचारी रोज त्या हाताळतात. त्यामुळे गुपित फुटण्याच्या वाटा वाढल्या, तसे न्यायालयांपुढील तंटेही वाढले.

गुपित कशाला म्हणावे?

जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर १९९५ पासून अमलात आलेल्या 'ट्रिप्स' कराराच्या ३९व्या कलमात याच्या तीन कसोट्या दिल्या आहेत. माहिती त्या क्षेत्रातील लोकांना सर्वसाधारणपणे ठाऊक नसावी, ती गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी मूल्य असावे आणि ती गुप्त राखण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घेतलेली असावी.

पेटंटपेक्षा हा प्रकार मुळातच वेगळा आहे. पेटंट मिळवायचे तर शोध जगापुढे मांडावा लागतो आणि त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचे संरक्षण मिळते. गुपिताला मुदत नसते. ते फुटेपर्यंत टिकते. मात्र दुसऱ्या कोणी तोच शोध स्वतंत्रपणे लावला किंवा बाजारातून वस्तू विकत घेऊन ती उलगडून पाहिली, तर त्याला चोरी म्हणता येत नाही. कायद्याचा आक्षेप विश्वासघाताला आणि गैरमार्गाला असतो.

माग राखणारी चोरी

संगणकीय माहितीची नक्कल केली तरी मूळ माहिती जागच्या जागी राहते. काही हरवले आहे हे मालकाला महिनोन्‌महिने कळत नाही. तथापि अशी नक्कल करणाऱ्याची पावलेही मागे उमटतात.

चालकविरहित मोटारींवर काम करणाऱ्या 'वेमो' या गूगलच्या भगिनी कंपनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'उबर'विरुद्ध दावा लावला. एका वरिष्ठ अभियंत्याने नोकरी सोडण्यापूर्वी सुमारे १४ हजार फाइली उतरवून घेतल्या, नंतर स्वतःची कंपनी काढली आणि ती उबरने विकत घेतली, असा तिचा आरोप होता. संशय बळावला तो एका चुकलेल्या ई-मेलमुळे. सुटे भाग पुरवणाऱ्याने पाठविलेल्या पत्राची प्रत अनवधानाने वेमोकडे पोहोचली आणि तिच्यासोबतच्या आराखड्याचे आपल्या रचनेशी असलेले साम्य वेमोच्या नजरेस आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये खटला सुरू असतानाच तडजोड झाली आणि वेमोला सुमारे साडेचोवीस कोटी डॉलर मूल्याचे उबरचे समभाग मिळाले. त्या अभियंत्याने २०२० मध्ये एका आरोपाची कबुली दिली. त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. पण ती भोगण्यापूर्वीच जानेवारी २०२१ मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली.

मुंबईपर्यंत पोहोचलेला निकाल

मुंबईत मुख्यालय असलेल्या 'टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस'ला (टीसीएस) अशाच वादाची मोठी किंमत मोजावी लागली. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या 'एपिक सिस्टिम्स' या अमेरिकी कंपनीने २०१४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात तिच्यावर दावा दाखल केला. टीसीएसचे कर्मचारी एपिकच्या एका ग्राहकाकडे काम करत होते. ते ग्राहकाचेच कर्मचारी आहेत असे भासवून एपिकच्या पोर्टलवर प्रवेश मिळविण्यात आला आणि हजारो दस्तऐवज उतरवून घेण्यात आले, असा आरोप होता. टीसीएसने गैरवापराचा इन्कार केला.

२०१६ मध्ये ज्यूरीने ९४ कोटी डॉलरची भरपाई ठरविली. पुढील वर्षी न्यायाधीशांनी ती ४२ कोटींवर आणली. अपील न्यायालयाने २०२० मध्ये मूळ भरपाईचे १४ कोटी डॉलर कायम केले आणि दंडात्मक रक्कम तेवढ्याच मर्यादेत ठेवण्यास सांगितले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि एकूण २८ कोटी डॉलरचा बोजा कायम राहिला. दोन उत्पादनांची तुलना करणारा तक्ता या माहितीच्या आधारे तयार झाला, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. गुपित वापरून प्रत्यक्ष माल बनवला नाही तरी स्पर्धेत त्याचा लाभ घेणे महागात पडते, असा या निकालाचा अर्थ आहे.

भारतातील स्थिती

अमेरिकेने २०१६ मध्ये व्यापारी गुपितांसाठी दिवाणी स्वरूपाचा संघराज्यीय कायदा केला आणि त्याच वर्षी युरोपीय संघानेही निर्देश काढला. भारतात मात्र न्यायालये आजवर करार, विश्वासभंगाची तत्त्वे आणि कॉपीराइट यांच्या आधारे मार्ग काढत आली आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ४३व्या कलमानुसार परवानगीवाचून माहिती उतरवून घेणाऱ्याकडून भरपाई मागता येते; हेतू अप्रामाणिक असल्यास ६६व्या कलमान्वये तो गुन्हाही ठरतो.

खरी अडचण नोकरदाराच्या हक्काची आहे. १८७२ च्या करार कायद्याचे २७वे कलम व्यवसायाला आडकाठी करणारे करार रद्दबातल ठरवते. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधील एक पाळीप्रमुख पाच वर्षांचा करार मोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कराराच्या मुदतीपुरते त्याच्यावरील बंधन वैध ठरविले. नोकरी संपल्यानंतरही अन्यत्र काम करू नये, अशी अट मात्र न्यायालये सहसा मान्य करत नाहीत. अर्थात, गोपनीयता राखण्याचे बंधन तेथेच संपत नाही.

कल्पनेलाही हे संरक्षण मिळू शकते. विश्वासाने मांडलेल्या मालिकेच्या संकल्पनेवरून झी टेलिफिल्म्स आणि सनडायल कम्युनिकेशन्स यांच्यात झालेल्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये प्रक्षेपणावरील मनाई कायम ठेवली.

विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये सादर केलेल्या २८९व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारस केली आणि विधेयकाचा मसुदाही जोडला. गैरप्रकार उघडकीस आणणाऱ्यांना आणि सार्वजनिक हिताच्या प्रकटीकरणाला त्यात अपवाद सुचविला आहे.

रेषा कोठे आखावी?

नोकरीत कमावलेले कसब माणसाचे स्वतःचे असते. ते मागे ठेवून जा, असे कोणी सांगू शकत नाही. कंपनीची फाइल मात्र कंपनीचीच राहते. या दोहोंमधील रेषा आखताना न्यायालय मालकालाही प्रश्न विचारते : माहिती गोपनीय असल्याचे लिहून दिले होते काय? ती पाहण्याचा अधिकार मोजक्यांनाच होता काय? नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश वेळीच बंद केला होता काय? ज्या माहितीला मालकानेच कुलूप लावले नाही, तिला गुपित म्हणणे न्यायालयात टिकणे कठीण असते.