पडलेली कमान आणि वाचलेलं स्टेशन



गेल्या महिन्यात दांडिया बाजारातला आमचा वाडा उतरवला. भावंडांचं ठरलं, मीही सही केली. सागवानी खांब ट्रकात चढताना बघवेना. तेव्हा लंडनची एक गोष्ट आठवली. लेकीकडे गेलो होतो तेव्हा कळलेली.

तिथे युस्टन आणि सेंट पँक्रस ही दोन मोठी रेल्वे स्टेशनं एकाच रस्त्यावर आहेत, चालत दहा-पंधरा मिनिटांवर. युस्टनसमोर 1837 साली फिलिप हार्डविकने दगडी कमान उभारली होती. ग्रीक देवळासारखी, सुमारे 70 फूट उंच. पुढे रेल्वेला स्टेशन नव्यानं बांधायचं होतं. कवी जॉन बेट्जमन आणि वास्तुकलेचे इतिहासकार निकोलस पेव्ह्स्नर यांच्यासारख्यांनी खूप विनवण्या केल्या, पण पंतप्रधान मॅकमिलन बधले नाहीत. 1961-62 मध्ये कमान पाडली. तिचे बरेच दगड पूर्व लंडनमधल्या एका कालव्याच्या तळाशी भराव म्हणून गेले!

मग पाळी आली सेंट पँक्रसची. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने बांधलेलं तिथलं लाल विटांचं हॉटेल 1935 सालीच बंद पडलेलं. व्हिक्टोरियन इमारती म्हणजे नुसता भपका, असं तेव्हा शिकलेले लोकसुद्धा म्हणायचे. पण युस्टनचा घाव ताजा होता. 1958 साली निघालेली व्हिक्टोरियन सोसायटी या वेळी नेटानं लढली, आणि 1967 मध्ये इमारतीला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. 2011 पासून तिथे पुन्हा हॉटेल चालू आहे.

आपल्याला हा स्कॉट परका नाही बरं का. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्याचाच, आणि तोही मुंबईत पाऊल न ठेवता काढलेला.

मला मात्र जास्त भावले ते पेव्ह्स्नर. मूळचे जर्मन, ज्यू घरातले. 1933 मध्ये नाझींच्या कायद्यानं नोकरी गेली, म्हणून इंग्लंडला आले. या बाहेरून आलेल्या माणसानं परगण्यामागून परगणा पालथा घातला. बरीच वर्षं गाडी बायको चालवायची, हे टिपणं काढायचे. चर्च, टाउन हॉल, साधी घरंसुद्धा. 1951 ते 1974 या काळात 46 खंड झाले. बेट्जमनला ती नोंद कोरडी वाटे, त्याचा जीव इमारतींच्या आठवणींत गुंतलेला. दोघांचं फारसं जमायचं नाही. पण इमारत वाचवायला माया लागते, तशी नोंदही लागते.

आपल्याकडे माया भरपूर हो! आमच्या ओटीवर किती पंगती उठल्या, ते आत्या अजून सांगते. पण वाडा कोणत्या साली बांधला, सुतार कोण होता, चौक किती फुटांचा, यातलं काहीच कुणी लिहून ठेवलं नाही. माझ्याकडे मुंजीचा एक फोटो आहे, त्यात अर्धा जिना दिसतो. तेवढंच.

आमच्या आळीत अजून थोडी जुनी घरं उभी आहेत. येत्या रविवारी वही आणि टेप घेऊन निघतोय. रावपुऱ्यातलं कुणी येणार असेल तर कळवा. आणि तुमच्या गावचा वाडा उभा असेल, तर तो आधी मोजून घ्या, मंडळी.