दिसण्याचा गुन्हा : विंचूर, ॲकवर्थ आणि रस्त्यावरच्या माणसाचा कायदा

पानिपतावर लढून जिवंत परतलेल्या सरदारांत विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचे नाव इतिहासप्रेमींना नवे नाही. त्यांच्या जहागिरीचे विंचूर हे निफाड तालुक्यातील गाव, नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. लासलगावचे रेल्वे स्थानक तेथून जवळच. या धाग्याचा विषय मात्र विंचूरकरांची तलवार नाही. विंचूरहून लासलगावच्या स्थानकापर्यंतचा तो लहानसा रस्ता हा या धाग्याचा विषय आहे, आणि त्या रस्त्यावर कोणी चालावे, कोणी टांग्यात बसावे, कोणी विहिरीचे पाणी प्यावे हे ठरवणारा एक विसरलेला कायदाही.

सुरुवात पोवाड्यांपासून करावी लागते. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतचे अनेक पोवाडे गोंधळ्यांच्या तोंडी होते. ते गोळा करून १८९१ मध्ये पुस्तकरूपाने आणले शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ या दोघांनी. पुढे १८९४ मध्ये ॲकवर्थने त्यांतील काहींचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध केले. मराठी इतिहासाचा विद्यार्थी त्या माणसाचा ऋणी आहे, यात शंका नाही.

हाच ॲकवर्थ १८९० मध्ये मुंबईचा महापालिका आयुक्त होता. त्याच वर्षी त्याच्या पुढाकाराने माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उघडला. शहरातल्या रस्त्यांवर, देवळांच्या दारांत, बाजारांत बसणाऱ्या रुग्णांना उचलून तेथे नेण्यात आले. संस्था आजही वडाळ्यात पालिकेचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून उभी आहे. ॲकवर्थ दुष्ट होता असे मुळीच नव्हे. आश्रमातल्या माणसांना अन्न, निवारा, औषधपाणी मिळाले, जे रस्त्यावर मिळत नव्हते. पण त्यांना उचलण्याचे कारण त्यांचे दुःख होते, की ते इतरांना दिसत होते हे होते? या प्रश्नाभोवती पुढचा सव्वाशे वर्षांचा इतिहास फिरतो.

१८९० हे साल योगायोगाचे नाही. एप्रिल १८८९ मध्ये हवाई बेटांतील मोलोकाई येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने वारले आणि युरोपात एकच घबराट उडाली. हा रोग वसाहतींतून इंग्लंडात येईल, साम्राज्याला त्याचा धोका आहे, अशी पुस्तके निघाली. प्रिन्स ऑफ वेल्सच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कुष्ठनिधी उभा राहिला आणि त्यातून एक आयोग हिंदुस्थानात पाठवण्यात आला. १८९०-९१ मध्ये आयोगाचे सदस्य देशभर हिंडले. नॉर्वेच्या हान्सेनने या रोगाचा जंतू १८७३ मध्येच शोधला होता, तेव्हा रोग संसर्गाने होतो हे आयोगाला ठाऊक होते. तरीही त्यांचा निष्कर्ष असा की संसर्गाचा धोका फारच अल्प आहे आणि सक्तीने वेगळे ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

हा अहवाल लंडनमधल्या निधीच्या समितीलाच पटला नाही. १८९७ मध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषद भरली आणि तिने विलगीकरणाच्या बाजूने कौल दिला. लगेच १८९८ मध्ये हिंदुस्थानात ‘लेपर्स ॲक्ट’ आला.

या कायद्याचा मजकूर लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. मूळ कायद्यानुसार कुष्ठरोगी म्हणजे ज्याच्या अंगावर व्रण पडू लागले आहेत असा रुग्ण. ‘निर्धन कुष्ठरोगी’ म्हणजे जो उघडपणे भीक मागतो, भिक्षेसाठी आपल्या जखमा दाखवतो, किंवा उपजीविकेचे साधन नसताना मोकळा फिरतो. अशा माणसाला पोलीस वॉरंटाविना पकडू शकत. त्याने चोरी करावी लागत नसे, कोणाला इजा करावी लागत नसे. त्याने गरीब असावे आणि दिसावे, एवढे पुरे.

वैद्यकीयदृष्ट्या यात एक विलक्षण चूक दडलेली आहे. कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात, हातापायांची संवेदना जाते, मग चटका बसला किंवा काटा रुतला तरी कळत नाही आणि जखमा चिघळतात. बोटे झडलेला हात, तळव्याचा जुना व्रण हे बहुधा त्या बधिरतेचे परिणाम असतात; संसर्गाचे ते विश्वासार्ह लक्षण नव्हे. उलट ज्याच्यापासून संसर्ग होण्याची शक्यता अधिक, अशा रुग्णाच्या अंगावर एकही व्रण नसू शकतो. म्हणजे कायद्याने रोग पकडला नाही. त्याने पकडले ते रोगामुळे आलेले अपंगत्व.

आता विंचूरच्या त्या रस्त्याकडे येऊ. हा कायदा सर्वत्र आपोआप लागू नव्हता. प्रांतिक सरकारने एखाद्या प्रदेशाला तो लावावा लागे आणि त्यातील बंधनांसाठी वेगळा आदेश काढावा लागे. असा आदेश जेथे निघेल तेथील जीवन कसे असेल, हे समजण्यासाठी विंचूरचा एक रुग्ण कल्पनेत घ्यावा. त्याला खाद्यपदार्थ, औषध किंवा कपडे विकता येणार नाहीत. स्थानिक नियमाने मनाई केलेल्या सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर त्याला आंघोळ करता येणार नाही, पाणी भरता येणार नाही. लासलगाव गाठायचे तर भाड्याच्या टांग्यात बसता येणार नाही, कारण भाड्याने चालणाऱ्या सार्वजनिक वाहनांची मनाई कलमात स्पष्ट आहे. बधिर, व्रण पडलेल्या पायांनी त्याने चालत जावे. गंमत म्हणजे (याला गंमत म्हणवत नाही) त्याच वाक्यात रेल्वेचा डबा मनाईतून वगळला आहे. पण त्यामुळे त्याची सुटका होत नाही. १८९० च्या रेल्वे कायद्याने संसर्गजन्य रोग असलेल्या प्रवाशाला नाकारण्याचा अधिकार रेल्वे प्रशासनाला आधीच देऊन ठेवला होता.

हा सारा तिरस्कार इंग्रजांनी आणला, असे समजण्याचे कारण नाही. ‘महारोगी’, ‘रक्तपित्या’ हे शब्द त्यांच्या आधीपासून गावोगावी शिवीसारखे वापरले जात. पूर्वजन्मीच्या पापाचे फळ ही समजूत आपलीच. हिंदू धर्मशास्त्राच्या परंपरेत असा रुग्ण वारसाहक्कालाही मुकू शकत असे; ती अट दूर करण्यासाठी १९२८ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. इंग्रजी राज्याने एवढेच केले की गावाच्या वेशीबाहेर जे चालत होते त्याला कलम आणि पोलीस दिले.

आणि याच दशकांत ‘सार्वजनिक’ या शब्दावरून महाराष्ट्रात मोठा संघर्ष चालू होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे धोरण आले. १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे, १९३० मध्ये नाशिकचे काळाराम मंदिर, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची परिषद, जिथे डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. येवला विंचूरहून त्याच रस्त्याने पुढे आहे. दोन्ही अन्याय सारखे नाहीत. एक जन्माने लादलेला, दुसरा रोगाने ओढवलेला. त्यांची तुलना ओढूनताणून करू नये. पण पाणवठा कोणाचा, रस्ता कोणाचा, हा प्रश्न एकच होता. एका समाजाने तो संघटित होऊन विचारला. कुष्ठरुग्णांपाशी संघटना नव्हती, वृत्तपत्र नव्हते, बहुतेकांपाशी घरही नव्हते.

त्यांच्या बाजूने उभे राहणारे लोक पुढे आले ते बहुतेक विदर्भात. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये काम सुरू केले. सेवाग्राममध्ये गांधीजींनी संस्कृत पंडित परचुरेशास्त्रींना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन १९४६ चे. वरोऱ्याला नगरपालिकेच्या कामात असताना पावसात पडलेल्या तुळशीरामला पाहून बाबा आमटे आधी घाबरून पळाले. मग स्वतःच्या त्या भीतीचीच लाज वाटून परत फिरले. सेवेच्या बहुतेक कथा करुणेपासून सुरू होतात. ही भीतीपासून सुरू होते, म्हणून ती अधिक विश्वसनीय वाटते.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये आनंदवन उभे राहू लागले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय, चौदा रुपये, हे भांडवल आता दंतकथेसारखे सांगितले जाते. त्यापेक्षा महत्त्वाचा भाग बाजाराचा आहे. जमिनीतून भाजी निघाली, पण वरोऱ्यात ती घ्यायला कोणी तयार होईना. सल्फोन गटाची औषधे तोवर आली होती. रोग बरा होऊ लागला होता. पण गिऱ्हाईक भाजीकडे पाहत नव्हते, भाजी देणाऱ्या हाताकडे पाहत होते. पन्नासच्या दशकात परदेशांतून आलेले स्वयंसेवक आनंदवनात राहिले, रुग्णांबरोबर राबले, तेथलेच अन्न जेवले. त्यानंतर वरोऱ्याच्या लोकांची भीड हळूहळू चेपली. गोऱ्या माणसांनी खाल्ल्यावर भाजी शुद्ध झाली, हे आपल्या समाजाला फारसे भूषणावह नाही. पण घडले ते असे.

पुढचे पाऊल त्याहून धाडसी होते. १९६४ मध्ये आनंदवनाच्या भूमीवर आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. आसपासच्या गावांतील, रोगाशी काही संबंध नसलेली मुले शिकण्यासाठी रोज कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत येऊ लागली. तोवरचा प्रश्न असे की रुग्णाला सार्वजनिक जागेत येऊ द्यावे का. आमट्यांनी रुग्णांच्या जागेलाच सार्वजनिक जागा करून टाकले.

कायदा मात्र जुन्याच वाटेने चालत होता. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमात भिक्षेची व्याख्या आहे. तिच्यात भिक्षेसाठी जखम, व्रण, व्यंग किंवा रोग उघडा करून दाखवणे येते. १८९८ ची भाषा जवळजवळ तशीच उतरली आहे. कुष्ठरोगी भिक्षेकऱ्यांची वैद्यकीय तपासणी करून त्यांना स्थानबद्ध ठेवण्याचे कलमही त्यात घालण्यात आले होते. आणि त्याच व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे या निमित्तांनी घेतलेली भिक्षाही येते. म्हणजे ॲकवर्थला पोवाडे देणारा गोंधळी आणि ॲकवर्थने उचललेला रुग्ण, दोघेही स्वतंत्र भारताच्या एकाच व्याख्येत येऊन बसले.

ऐंशीच्या दशकापासून बहुविध औषधोपचार आला. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाले. तरीही एप्रिल २०१५ मध्ये न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाला आपला २५६ वा अहवाल याच विषयावर लिहावा लागला. भेदभाव करणाऱ्या तरतुदींत विवाहाचे कायदे होते, भिक्षेचे कायदे होते आणि १८९८ चा तो कायदाही होता. संसदेने तो केंद्रीय कायद्यांच्या यादीतून २०१६ मध्ये काढला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही ते २०१९ मध्ये.

२०१६ लाच दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. रोगातून बरे झालेले पण अपंगत्व उरलेले कुष्ठमुक्त १९९५ च्या जुन्या कायद्यातही होते. नव्या कायद्याच्या एकवीस प्रकारांतही ते आहेत. या कायद्याच्या ९२ व्या कलमाकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे. लोकांच्या नजरेस पडेल अशा कोणत्याही ठिकाणी दिव्यांग व्यक्तीचा, तिला हीन लेखण्याच्या हेतूने, जाणूनबुजून अपमान करणे किंवा तिला धाकदपटशा दाखवणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. ‘लोकांच्या नजरेस पडेल असे ठिकाण’ हा शब्दप्रयोग १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातून आलेला आहे. महाड आणि येवल्याच्या लढ्याची भाषा फिरून अखेर ज्यांना संघटना नव्हती त्यांच्यापर्यंत पोहोचली. १८९८ मध्ये लोकांच्या नजरेस पडणारा आजारी माणूस आरोपी होता. या कलमात त्याच्याकडे बोट दाखवून हिणवणारा आरोपी आहे.

हे कलम फारच थोड्यांना माहीत आहे. बसमध्ये वाहकाने मागे बसायला सांगितले, हॉटेलात वेगळा पेला ठेवला, रांगेतून कोणी हाकलले, तर बहुतेक माणसे आजही गप्प उठून जातात आणि भोवतालचे लोक खिडकीबाहेर पाहतात. हेतुपुरस्सर अपमान असेल तर पोलीस ठाण्यात ९२ वे कलम सांगून तक्रार देता येते, सेवा नाकारली असेल तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तालयाकडे दाद मागता येते. पाहणाऱ्याने साक्ष दिली तर तक्रारीला बळ येते.

आणि लासलगावच्या स्थानकावर आज काय घडेल? ज्या रेल्वेला १८९० मध्ये कुष्ठरुग्णाला डब्यात चढू न देण्याचा अधिकार होता, तीच रेल्वे आज संसर्ग नसलेल्या कुष्ठरुग्णांना उपचारासाठीच्या प्रवासात भाडेसवलत देते. त्यासाठी खिडकीवर डॉक्टरांचा दाखला दाखवावा लागतो आणि दाखला पुढे करणारा हात त्या काचेपलीकडून दिसतो.